देवाचा कौल

दिवाळीचे दिवस म्हणजे आमच्या वऱ्हाडात कपाशी फुटण्याचे दिवस. घरोघरी करंज्या-अनारशांची लगबग चाललेली असते आणि गावाबाहेरच्या काळ्या रानात बोंडे उमलून सारे शिवार पांढरे दिसू लागते. वेचणीला हात घालण्यापूर्वी घरची कारभारीण शेतात दहीभात शिंपडून पूजा करते. सीतादही म्हणतात तिला. देवाने दिले ते आधी देवाला दाखवायचे आणि मग घरी आणायचे, एवढाच त्यातला भाव. एका शेताच्या बाबतीत हे सोपे असते. पाऊस वेळेवर आला, बोंड भरले, देवाची कृपा झाली! परंतु शेताच्या जागी राष्ट्र आले की हाच विचार भलता अवघड होऊन बसतो. आपल्या राष्ट्रावर देवाची विशेष कृपा आहे, असे जगातल्या कितीतरी सिंहासनांवरून आणि व्यासपीठांवरून सांगितले गेले आहे. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राष्ट्रांनी तर ते फारच वेळा सांगितले. त्याचा अर्थ काय, हे पाहायचे तर बुलढाण्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्यात कशाला शिरायचे, असे वाचक विचारतील. पण त्या थोर गोष्टीचा एक धागा खरोखरच या जिल्ह्यातून गेलेला आहे, आणि तो धागा कापसाचा आहे.

खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची नामांकित पेठ. आज ती बुलढाणा जिल्ह्यात असली तरी १९०५ पूर्वी अकोला जिल्ह्यात मोडत असे. १८६१ साली सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेच्या राज्यांत गुलामांच्या घामावर पिकणारा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना एकाएकी हिंदुस्थानची आठवण झाली. भाव असे चढले की मुंबईचे शेठ रातोरात कोट्यधीश झाले आणि 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण खरी वाटू लागली. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या, पण वऱ्हाडचा कापूस साहेबाच्या नजरेत भरला तो भरलाच. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा खास लोहमार्ग टाकण्यात आला, तोही माणसांपेक्षा गाठींसाठी. त्याच्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर होता.

ज्या युद्धाने आमच्या पेठेला हा भाव दिला, त्या युद्धात दोन्ही बाजू ख्रिस्ती होत्या. दोन्हीकडचे धर्मोपदेशक आपापल्या फौजांना आशीर्वाद देत होते. गुलामगिरी ही देवाचीच व्यवस्था आहे असे दक्षिणेतले विद्वान धर्मपंडित शास्त्राधाराने सिद्ध करीत होते. युद्ध संपत आले असता, ४ मार्च १८६५ रोजी, अध्यक्ष लिंकनने दुसऱ्यांदा शपथ घेतली. विजय दिसत असताना राज्यकर्ता काय बोलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. लिंकनने ते टाळले. दोन्ही पक्ष एकच पवित्र ग्रंथ वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचे साह्य मागतात; दोघांचीही प्रार्थना पुरी होणे शक्य नव्हते आणि कोणाचीच पुरतेपणी झाली नाही, अशा अर्थाचे तो बोलला. गुलामांच्या श्रमांवर साठवलेली सारी संपत्ती या युद्धात बुडावी असे देवाच्या मनात असेल, तर तो न्यायही खराच मानावा लागेल, असे सांगून त्याने पापाचा वाटा उत्तरेच्याही पदरात घातला. पुढच्याच महिन्यात त्याचा खून झाला. गमतीची गोष्ट अशी की हा मनुष्य कोणत्याही चर्चचा रीतसर सभासद कधीच झाला नव्हता!

आता आपल्या राज्यकर्त्यांकडे वळू. १८५३ साली निजामाच्या डोक्यावरील फौजेच्या कर्जापोटी कंपनीने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. चार वर्षांनी उत्तरेत उठाव झाला, आणि विलायतेत काय घडले? ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस राणीच्या आज्ञेने उपवासाचा व अनुतापाचा म्हणून पाळण्यात आला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन नावाच्या तरुण उपदेशकाने तेवीस हजारांवर माणसांपुढे प्रवचन केले. देव आपल्यावर का रागावला, हा त्या दिवशीचा प्रश्न. कंपनी सरकारने ख्रिस्ती धर्माच्या प्रसारात कुचराई केली म्हणून रागावला, असे पुष्कळांचे उत्तर होते. अफूच्या व्यापारासारखी पापे अंगाशी आली, असे म्हणणारेही काही निघाले. पण राज्य जावे ही देवाची इच्छा असू शकेल, हा विचार फारसा कोणाच्या मनाला शिवला नसावा. पुढील वर्षाच्या १ नोव्हेंबरच्या जाहीरनाम्यात मात्र राणीने मोठ्या शहाणपणाची भाषा वापरली: आपला ख्रिस्ती धर्माच्या सत्यावर विश्वास आहे, परंतु तो प्रजेवर लादण्याचा हक्क आपल्याला नाही आणि तशी इच्छाही नाही. शेवटी प्रजेच्या कल्याणासाठी देवाकडे बळ मागितले होते.

आपल्याकडच्या मोठमोठ्या माणसांनाही इंग्रजी राज्यात देवाचा हात दिसत होता, हे विसरून चालणार नाही. लोकहितवादींना दिसला, न्यायमूर्ती रानड्यांना दिसला. फरक एवढाच की साहेबाला ती आपल्या पुण्याईची पावती वाटे, आणि रानड्यांना ती आपल्या शिक्षणासाठी देवाने नेमलेली शाळा वाटे. शाळा कधीतरी सुटायची असते.

एवढ्यात दुष्काळ आला. १८९६-९७ चा एक आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा दुसरा. संवत १९५६ म्हणून जुनी माणसे त्याला छपन्नचा दुष्काळ म्हणत. ज्या रानांत पूर्वी ज्वारी होत असे, त्यांतली कितीतरी कपाशीखाली गेली होती. कापूस खाता येत नाही. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या त्या दहा वर्षांत सुमारे बारा टक्क्यांनी घटून १९०१ साली ४,२३,६१६ वर आली. तेव्हा जिल्ह्यात चिखली, मलकापूर आणि मेहकर एवढेच तालुके होते. वाचकहो, बारा टक्के हा आकडा बोलायला सोपा आहे. आठ माणसांच्या घरातले एक माणूस नाहीसे झाले, असा त्याचा हिशेब होतो.

या दुष्काळातच वऱ्हाडातली ख्रिस्ती मंडळी खऱ्या अर्थाने उभी राहिली. अकोल्याला फुलर नावाचे अमेरिकन दांपत्य आधीपासून काम करीत होते; पुढे ते काम अलायन्स मिशनचे झाले. या मिशनचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन मूळचा कॅनडाचा. न्यूयॉर्कमध्ये राहून त्याने १८८७ साली संस्थेचा पाया घातला. त्याची शिकवण थोडी निराळी होती. सर्व राष्ट्रांना शुभवर्तमान ऐकवून झाले की प्रभू येशू पुन्हा येईल, म्हणून प्रत्येक राष्ट्राच्या कानी ते घालायचे, ही त्याची तळमळ. त्याच्या हिशेबात वऱ्हाड हेही एक राष्ट्र, अमेरिका हेही एक राष्ट्र. सिंहासन कोणाचे, हा प्रश्नच गौण. म्हणून ही माणसे राजकारणापासून कटाक्षाने दूर राहिली. दुष्काळातल्या निराधार मुलांसाठी मिशनने अकोल्यास मुलग्यांचा आणि खामगावास मुलींचा अनाथाश्रम चालवला. अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी गोळा केली, आणि १९०० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचे जहाज सुमारे ५,००० टन मका भरून मुंबईकडे निघाले.

गावकऱ्यांनी मात्र म्हटले, 'पोटासाठी बाटले.' हे शब्द त्या मुलींच्या नातवंडांनाही ऐकावे लागले. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. भुकेलेल्या मुलाला अन्नाबरोबर धर्मही देणे योग्य की अयोग्य, यावर मतभेद होणारच, आणि माझ्या मते ते ओझे देणाऱ्याच्या मनावर राहिलेच पाहिजे. पण ज्यांनी ती पोरे उचलली नाहीत, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कितपत पोचतो, हाही विचार करावा. एक गोष्ट निर्विवाद आहे. ख्रिस्ती राणीच्या राज्यात, देवाच्या कृपेच्या एवढ्या ग्वाहीनंतर, खामगावच्या पेठेतून गाठी विलायतेला जात राहिल्या आणि खेड्यात माणसे मेली.

ही विसंगती दिसायला बाहेरच्या टीकाकाराची गरज नव्हती. ती मराठी ख्रिस्ती माणसांनीच सर्वांआधी ओळखली. पंडिता रमाबाई १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून बसलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक होत्या. पहिल्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात हिंडल्या आणि तेथल्या पोरक्या मुली त्यांनी आपल्या पंखाखाली घेतल्या. १८९७ साली पुण्याला प्लेग आला तेव्हा सरकारी इस्पितळात स्त्रियांची कशी हेळसांड होते, हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्टसाहेब रागावले. प्रकरण थेट पार्लमेंटपर्यंत गेले. राजा ख्रिस्ती आणि बाईही ख्रिस्ती. पण बाईंच्या लेखी धर्म एक असणे हे गप्प बसण्याचे कारण नव्हते. यहुद्यांच्या जुन्या संदेष्ट्यांचीही रीत हीच होती. आमोस नावाचा मेंढपाळ भरल्या राज्यात जाऊन सांगे की देवाने तुम्हांला निवडले म्हणूनच तो तुमचा हिशेब अधिक कडक घेईल. आशीर्वाद म्हणजे माफी, असे तो कधीच म्हणाला नाही.

परंतु या सगळ्या विचाराला मराठी रूप दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८६१ साली, म्हणजे अमेरिकेत युद्ध पेटले त्याच वर्षी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी त्यांचा जन्म झाला. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढचे घरातले रामायण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त लिहून ठेवले आहे, आणि ते वाचले नाही असे मराठी घर निदान दिवाळी अंक घेणाऱ्यांत तरी विरळाच.

टिळकांच्या अंगी देशभक्ती आधीपासूनच होती. धर्म बदलला म्हणून ती उतरली नाही, उलट तिला धार आली. देशावर देवाची कृपा आहे म्हणजे काय, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यातून निघते. ते मिशनच्या पगारावर होते, पण परदेशी माणसाच्या हाताखाली वाढणारी मंडळी पांगळी होते हे त्यांना सलत असे. ख्रिस्ताला हिंदुस्थानात यायचे असेल तर तो कोट-पाटलोण घालून येणार नाही, संतांच्या वाटेने येईल, ही त्यांची श्रद्धा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांनी अभंग रचले, भजने रचली. विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांच्या जागी टाळ-मृदंग आले. मराठी ख्रिस्ती उपासनेत आज जे गायिले जाते त्यातला फार मोठा भाग त्यांचा आहे.

अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. जवळ पैसा नाही, प्रकृती ढासळलेली. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' भरवला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसणार होते. मिशनऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ती हे गणित त्यांना उमजेना. हिंदूंनाही ते संशयास्पदच वाटले. पण टिळकांचा मुद्दा सरळ होता. ख्रिस्ताचा होताना मी माझ्या माणसांतून उठून जाणार नाही. आशीर्वाद लाभलेला मनुष्य तो आशीर्वाद घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेला, तर उपयोग काय? अब्राहामाच्या कथेतही देव त्याला आशीर्वाद देतो तो त्याच्यामुळे इतर सर्व कुळांचे कल्याण व्हावे म्हणून. हा उत्तरार्ध बहुतेक राष्ट्रे सोयीस्करपणे विसरतात. दरबार फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते, ते पुढे लक्ष्मीबाईंनी नेले.

त्यानंतरचा काळ आंदोलनांचा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने परदेशी मिशनऱ्यांकडून एकनिष्ठतेची हमी घेण्यास सुरुवात केली. अमेरिकन संस्थांनी ती दिली. गांधीजींच्या एका इंग्रज सहकाऱ्याला घरी पाहुणा ठेवल्यावरून मदुरा भागातल्या किथान या अमेरिकन मिशनऱ्याला १९३० साली मायदेशी जावे लागले. हे पाहिले म्हणजे वऱ्हाडातले मिशनरी गप्प का होते, ते समजते. समजते, एवढेच, ज्या खेड्यात लोक जंगल सत्याग्रहाला निघाले होते, त्याच खेड्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्याला त्या गप्प बसण्याची किंमत मोजावी लागली. 'साहेबाच्या देवाचा माणूस' ही पाटी त्याच्या गळ्यात पडली. त्याच वर्षी के. टी. पॉल यांनी गोलमेज परिषदेत ख्रिस्ती लोकांसाठी विभक्त मतदारसंघ नकोत, अशी भूमिका घेतली होती. पण ती बातमी खेड्यात कोण सांगणार?

स्वातंत्र्य आले आणि घटना समिती बसली. समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. १९४९ च्या मे महिन्यात धर्मावर आधारलेल्या राखीव जागा रद्द करण्याचे ठरले, तेव्हा ख्रिस्ती सभासदांनी त्याला मनापासून साथ दिली. आम्हांला वेगळे कुंपण नको, असाच त्याचा अर्थ. त्याआधी, १९४८ च्या डिसेंबरात, धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कावर बराच खल झाला होता, आणि तो शब्द घटनेत राहिला.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा प्रसंग १७ ऑक्टोबर १९४९ चा. उद्देशपत्रिकेचा मसुदा समोर होता. मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले हरी विष्णू कामत उठले आणि त्यांनी सुचवले की आरंभी 'ईश्वराच्या नावाने' हे शब्द घालावेत. म्हणजे ज्या प्रांतात आमचा बुलढाणा जिल्हा होता, त्याच प्रांताच्या प्रतिनिधीने भारतावर देवाचा आशीर्वाद रीतसर मागितला! सभागृहात मोठी पंचाईत झाली. हृदयनाथ कुंझरू म्हणाले, ही अंतःकरणाची बाब, ती सामुदायिक ठरावाने कोणावर लादू नये. थानू पिल्ले स्वतः आस्तिक. पण नास्तिकावर ही सक्ती होईल, असे त्यांचे म्हणणे पडले. आसामचे रोहिणीकुमार चौधरी कामाख्या देवीच्या मुलखातले. त्यांनी विचारले, देवच का, देवी का नको? पूर्णिमा बॅनर्जींनी विनवले की देवाला मतदानाला लावण्याची पाळी आणू नका. अध्यक्ष राजेंद्रबाबूंनाही तेच वाटत होते. कामत हटले नाहीत. हात वर झाले: बाजूने ४१, विरुद्ध ६८. देवाचे नाव उद्देशपत्रिकेत आले नाही. आमच्याकडे देवाला कौल लावतात. त्या दिवशी माणसांनी देवालाच कौल दिला.

कामत अतिशय खिन्न झाले. मला मात्र त्या अडुसष्टांत देवाबद्दलचा आदर एकेचाळिसांपेक्षा कमी दिसत नाही. विरोध करणाऱ्यांपैकी कितीतरी रोज पूजाअर्चा करणारे होते. शिवाय त्याच घटनेत शपथेचे दोन नमुने ठेवले आहेत. ज्याला हवे त्याने ईश्वराच्या नावाने शपथ घ्यावी, ज्याला नको त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. सगळ्या राष्ट्राच्या तोंडी देवाचे नाव घालायचे टाळले आणि एकेकट्याच्या तोंडी ते मोकळे ठेवले. हिंदूला, मुसलमानाला, ख्रिस्त्याला, ज्याचे त्याला.

प्रश्न एवढ्याने मिटला, असे समजू नये. १९५४ च्या एप्रिलात मध्यप्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बुलढाणा तेव्हा मध्यप्रदेशातच होता. समिती चौदा जिल्ह्यांत हिंडली, हजारो लोकांना भेटली. सभासदांत ख्रिस्ती एकच, वर्ध्याला प्राध्यापक असलेले गांधीवादी एस. के. जॉर्ज. १९५६ साली अहवाल आला. त्यात परकीय पैशाबद्दल आक्षेप होते, आणि धर्मांतराने माणसाची देशनिष्ठा ढळते ही भीती होती. काही आक्षेप खरे होते, काहींना आधार थोडा आणि संशय फार. आजवर तो वाद थांबलेला नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. शंभर-सव्वाशे वर्षांत या जिल्ह्याने निजाम, कंपनी, राणी, मध्यप्रांत, मध्यप्रदेश, मुंबई आणि महाराष्ट्र एवढे धनी पाहिले. प्रत्येकाच्या नावाने कोठे ना कोठे प्रार्थना झालीच असेल.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून हंगामाच्या शेवटी एक सण करतात. नव्या पिकातला पहिला वाटा घरोघरचे लोक देवळात आणून वेदीपुढे मांडतात. कोणी ज्वारीची कणसे आणतो, कोणी तुरीची पायली, कोणी भोपळा, एखादी म्हातारी पाय बांधलेली कोंबडी घेऊन येते. पाळक पिकासाठी आभार मानतो, पावसासाठी मागणे मागतो, आणि त्याच दमात देशासाठी व राज्य चालवणाऱ्यांसाठीही प्रार्थना करतो. मग अंगणात लिलाव होतो. साधा भोपळा हौसेने कितीतरी पट किमतीला जातो, आणि जमलेला पैसा मंडळीच्या कामाला लागतो. ज्याच्या शेतात कपाशीशिवाय काहीच नसते, तो फडक्यात बांधून पसाभर कापूस आणतो.